धडधड होत होती तेव्हाची पट्टी आहे का? : वाचकांचे प्रश्न, ठोक्यांच्या डॉक्टरची उत्तरं

मागच्या अंकात हृदयाच्या ठोक्यांबद्दल प्रश्न मागवले आणि ढीगभर आले, त्यातले थोडेच घेता आलेत. आधी एक सांगून टाकते, मी कार्डिऑलॉजिस्टच आहे पण स्टेंट, अँजिओप्लास्टी हे माझं काम नाही, मी फक्त हृदयातल्या करंटचं बघते, ठोका कुठून निघतो, कुठून जातो आणि कुठे अडतो ते. इथे कोणाचं निदान करणार नाहीये, तुम्ही समोर नाही आणि तुमची पट्टी, म्हणजे ईसीजीचा कागद, माझ्या हातात नाही. पण समोर बसलेल्या पेशंटला मी काय विचारते आणि का विचारते ते सांगता येईल.

प्रश्न : मॅडम, मी 34 वर्षांची, शाळेत शिकवते. तीन-चार वर्षं झाली, मधेच कधीतरी छातीत जोरात धडधड सुरू होते, कधी दहा मिनिटं कधी तासभर. महिन्यातून एक-दोनदा. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असते आणि ईसीजी नॉर्मल येतो. इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. आता सगळे म्हणतात टेन्शन घेतेस, झोपेची गोळी पण चालू केलीय. पण मला टेन्शन या धडधडीचंच आहे! हे खरंच मनाचं आहे का? (सातारा जिल्हा)

ताई, धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच की धडधड थांबली होती. मधल्या वेळात काय चाललं होतं ते तो कागद सांगूच शकत नाही.

तुम्ही माझ्याकडे आला असतात तर फाईल उघडायच्या आधी मी म्हटलं असतं, टेबलावर बोटाने वाजवून दाखवा कसं धडधडतं ते. लोक हसतात, पण वाजवून दाखवतात, आणि त्यातून जलद-पण-एकसारखं आहे का वेडंवाकडं आहे हे बरंचसं कळतं. मग पुढचे प्रश्न. हळूहळू वाढत जातं की एका ठोक्यात एकदम सुरू? थांबतानाही तसंच एकदम? खाली वाकलात, काहीतरी उचललंत की सुरू होतं का? गळ्यात ठोके उडल्यासारखे वाटतात का? आणि थांबल्यावर भरपूर लघवीला होतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून बायका चमकतात, कारण होत असतं पण तोपर्यंत कोणी विचारलेलं नसतं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की एक हार्मोन सुटतं, त्याने लघवी जास्त होते, टेन्शनचा त्यात काही संबंध नाही.

यातल्या बऱ्याच प्रश्नांना हो असेल तर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं एसव्हीटी. वरच्या कप्प्यातून खाली करंट यायला एकाऐवजी दोन वाटा असतात, काहींना जन्मतःच, आणि एखाद्या अवेळी आलेल्या ठोक्यानंतर करंट एका वाटेने खाली, दुसरीने वर असा गोल गोल फिरत राहतो, चौकात वाट चुकलेल्या रिक्षासारखा. मिनिटाला 150, 180, कधी 200 च्या वर. एवढे ठोके पडायला लागले की माणूस घाबरणारच, हात थरथरणार, घाम फुटणार, आणि मग बघणारा म्हणतो की बघा, घाबरलीय म्हणून धडधडतंय. बायकांच्या एसव्हीटीला पॅनिक अटॅकचं लेबल लागणं हे आमच्या फील्डमधलं फार जुनं दुखणं आहे, आणि त्याची मला खरंच चीड येते.

आता काय करायचं. धडधड चालू असतानाची पट्टी मिळवायची, बाकी सगळं नंतर. महिन्यातून दोनदा होणाऱ्या गोष्टीला 24 तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचं ईसीजी यंत्र, लावून बहुतेक वेळा पैसे जातात. त्यापेक्षा घराजवळच्या किंवा शाळेजवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी मशीन आहे तिथल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, की मी धावत आले तर आधी पट्टी काढा, मग इंजेक्शन. तीस किलोमीटरवरच्या मोठ्या हॉस्पिटलची वाट धरू नका, तिथे जाईपर्यंत ते थांबतं. पण धडधडीबरोबर चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर मात्र थेट कॅज्युअल्टी. बोटाने धरायची एका लीडची छोटी मशीन किंवा ईसीजी काढणारं घड्याळ असेल तरी चालतं, मी तशा पट्ट्यांवरूनही पुढचं ठरवलंय. पट्टी मिळाली की लगेच फोटो काढा, तो कागद थर्मल असतो, वर्ष-दोन वर्षांत पुसट होत जातो आणि मग कोरा कागद घेऊन लोक माझ्यासमोर बसतात.

आणि हो, कॅज्युअल्टीत धडधड तोडणारं ॲडिनोसिनचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर देत असताना ईसीजी चालू ठेवा म्हणून सांगा. ते काही सेकंद फार वाईट वाटतं, बुडतोय असं वाटतं, मग जातं. पण धडधड कशी तुटली ते त्या काही सेकंदांच्या कागदावर दिसतं आणि मला तेच हवं असतं.

घरी करण्यासारखा एक उपाय आहे आणि तो नीट तपासलेला आहे. अर्धवट बसून, 10 मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोरात 15 सेकंद फुंकायचं, मग लगेच कोणीतरी तुम्हाला सपाट आडवं करून पाय 45 अंश वर धरायचे, 15 सेकंद. 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचा अभ्यास आला, नुसतं बसून फुंकल्यावर 17 टक्के लोकांची धडधड थांबली आणि पाय वर केल्यावर 43 टक्क्यांची. फुकट उपाय आहे. पहिल्यांदा मात्र डॉक्टरांसमोर शिकून घ्या. डोळे दाबणं, मान चोळणं असलं घरी करू नका.

पुढे ईपी स्टडी आणि ॲब्लेशन, म्हणजे जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी वर नेऊन ती जादाची वाट शोधायची आणि गरम करून बंद करायची. नेहमीच्या एसव्हीटीत शंभरात 95 च्या आसपास लोक कायमचे मोकळे होतात. धोका शून्य नाही, मूळ वाटेलाच धक्का लागून पेसमेकर बसवावा लागणं हे शंभरात एकापेक्षा कमी वेळा होतं पण होतं, आणि हे मी सही घ्यायच्या आधी सांगते, नंतर नाही. रोजची गोळी हाही पर्याय आहे, काहीच न करता फुंकण्यावर भागवणं हाही पर्याय आहे. मी यात एकच विचारते, या धडधडीमुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत? कोणी सांगतं काही नाही, मग मी घाई करत नाही. कोणी सांगतं एकटीने एसटीने जाणं सोडलं, दुसऱ्या बाळाचा विचार सोडला, मग मात्र मी ॲब्लेशनबद्दल नीट बसून बोलते, आणि बाळाचा विचार असेल तर त्याआधीच उरकलेलं बरं असंही सांगते.

जाता जाता, तो जुना नॉर्मल ईसीजी पण घेऊन जा. काही वेळा त्या नॉर्मलमध्येच ठोक्याच्या सुरुवातीला एक छोटा उतार दिसतो, डेल्टा वेव्ह म्हणतात, ती जादाच्या वाटेची खूण असते, आणि तो दिसला तर गोष्ट बदलते, मग थांबायचं नाही.

प्रश्न : वय 41, आयटीत आहे. ठोका मधेच चुकल्यासारखा होतो, लिफ्ट खाली जाताना पोटात होतं तसं. होल्टरमध्ये 1,800 जादा ठोके आले, व्हेंट्रिक्युलर, म्हणजे खालच्या कप्प्यातले, असं लिहिलंय. इको आणि स्ट्रेस टेस्ट नॉर्मल. जिम बंद केली, चहा बंद केला. हे बंद करायची गोळी असेल ना? (पिंपरी)

1,800 हा आकडा रिपोर्टवर फार मोठा दिसतो, पण त्याच कागदावर एकूण ठोके बघा, साधारण एक लाख असतील. म्हणजे तुमचे जादाचे दोन टक्क्यांच्याही आत आहेत. ठोका चुकत नाहीये, एक ठोका घाईत येतो, त्यानंतर हृदय जरा थांबतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो, तो जोराचा तुम्हाला जाणवतो.

गोळी आहे, पण द्यायची घाई का करत नाही ते सांगते. 1980 च्या दशकात सगळ्यांना वाटायचं हार्ट अटॅकनंतरचे असे जादा ठोके गोळीने दाबले की माणसं वाचतील. ईसीजी सुंदर दिसायचे. मग अमेरिकेत कास्ट नावाची मोठी ट्रायल झाली, 1989 मध्ये ती मधेच थांबवावी लागली, कारण गोळी घेणारे जास्त मरत होते. ते पेशंट अटॅक येऊन गेलेले होते, तुम्ही तसे नाही, पण कागद सुधारायला गोळी देऊ नये हे आमच्या पिढीला तिथून शिकवलं गेलं.

जादा ठोके दिवसाच्या 10-15 टक्क्यांच्या वर गेले, पंप कमजोर दिसला, चक्कर येऊन पडलात किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर वेगळं. यातलं काही नसेल तर जिमला जा. चहाचं म्हणाल तर 2023 मध्ये 100 लोकांवर एक छान अभ्यास झाला, कॉफी प्यायलेल्या दिवसांत वरच्या कप्प्यातले जादा ठोके फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले वाढले, आणि झोप अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. म्हणून आठवडाभर बंद करून बघा, फरक नाही पडला तर प्या. स्वतःला उगाच शिक्षा नको. रात्री दोनला लॅपटॉप बंद करत असाल तर मात्र आधी ते बघा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, बाबा (71) नाशिकला. त्यांना बीपी आणि शुगर आहे. मी दिलेल्या घड्याळाने दोनदा एएफ (ॲट्रियल फिब्रिलेशन, ठोके अनियमित होणं) दाखवलं, तिथल्या फिजिशियनने ईसीजी काढला, एएफच आहे. त्यांना काहीच त्रास नाही. रक्त पातळ करायची गोळी लिहून दिलीय, आई म्हणते रक्तस्राव होईल, बाबा म्हणतात मला काही होत नाही तर गोळी कशाला. ॲस्पिरिनवर भागेल का? मी इथून काय करू?

तुम्ही घड्याळ दिलंत तिथेच तुमचं अर्धं काम झालं. गोळी बाबांना खायचीय म्हणून आता त्यांच्याशी बोलते, हे त्यांना वाचून दाखवा.

काका, त्रास नाही हे चांगलंच आहे, पण या आजाराचा मोठा धोका त्रासावर अवलंबून नसतो. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटली तर मेंदूत जाते. पॅरालिसिस. आम्ही एक साधी गुणांची पद्धत वापरतो, तुमच्या वयाचा एक, बीपीचा एक, शुगरचा एक, झाले तीन. तीन म्हणजे गोळी न घेता वर्षाला शंभरात साधारण तिघांना स्ट्रोक, आणि गोळीने त्यातले जवळपास दोन तृतीयांश टळतात. ॲस्पिरिनने भागत नाही. 2011 ची एक ट्रायल आहे, एकीकडे ॲस्पिरिन आणि एकीकडे रक्त पातळ करायची नवी गोळी, स्ट्रोक नव्या गोळीने निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच.

काकूंची भीती खोटी नाही. हिरड्यातून रक्त येईल, हातावर काळानिळा डाग पडेल, ते त्रासदायक आहे, धोकादायक क्वचित. डोक्यातल्या रक्तस्रावाला मीही घाबरते, आणि त्यासाठी बीपी ताब्यात ठेवणं हा सगळ्यात मोठा उपाय. दुसरं म्हणजे गुडघे दुखले की मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणून खाऊ नका, या गोळीबरोबर ते पोटातून रक्त काढतं. शौचाला काळं झालं तर त्याच दिवशी दाखवा. दात काढायचाय म्हणून मनाने गोळी बंद करू नका, या नव्या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, म्हणजे दोन दिवस चुकवली की तुम्ही पुन्हा उघड्यावर.

गोळी सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि वजन बघून डोस ठरतो, आणि इको हवाच. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली असेल, आणि आपल्याकडे अशी माणसं अजूनही बरीच आहेत, तर या नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनीच (वॉरफरिन, ॲसिट्रॉमसारखी) लागते. 2022 मध्ये हे ट्रायलमध्येही दिसलं.

आणि काकूंना एक विचारायचंय, काका घोरतात का, मधेच श्वास थांबतो का? हा प्रश्न मी पेशंटला विचारतच नाही, त्याचं उत्तर नेहमी "नाही" असतं. झोपेत श्वास अडत असेल, वजन जास्त असेल, रात्रीचे दोन पेग असतील, तर ते सुधारल्याशिवाय एएफ परत परत येतं, ॲब्लेशन केलं तरी. ठोका पुन्हा ताळ्यावर आणायचा का हाही प्रश्न आहेच, आजार नवा असताना ते केलेलं फायद्याचं ठरतं असं 2020 पासून आपल्याला कळलंय, त्रास नसलेल्यांनाही. त्यामुळे एकदा आमच्यापैकी कोणालातरी दाखवा. पण क्रम हाच, गोळी आधी. आणि पुढे ॲब्लेशन झालं तरी गोळी थांबेल असं कोणी सांगितलं तर त्याला हे तीन गुण दाखवा.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा, कबड्डी खेळतो. मागच्या महिन्यात चढाई करताना धावता धावता एकदम कोसळला, अर्ध्या मिनिटात उठला. सर म्हणाले अशक्तपणा, ग्लुकोज द्या. माझा भाऊ 26 व्या वर्षी विहिरीत पोहताना गेला, पट्टीचा पोहणारा होता. याचा काही संबंध असेल का? (सांगली जिल्हा)

असू शकतो. या अंकातलं सगळ्यात तातडीचं पत्र तुमचं आहे, म्हणून संपादकांना सांगून तुम्हाला आधीच फोन करायला लावलाय.

प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून, रक्त बघून, उपाशीपोटी भोवळ येणं हे बहुतेक वेळा साधं असतं. आधी गरम होतं, मळमळतं, डोळ्यापुढे अंधारी येते, मग मूल खाली बसतं. धावता धावता, काही कळायच्या आत पडणं हे त्यात बसत नाही. आणि पोहता येणारा तरुण माणूस पाण्यात गेला हे ऐकलं की मी लाँग क्यूटीचा विचार करते, हा घराण्यात चालणारा करंटचा दोष आहे, त्याच्या एका प्रकारात पोहताना आणि धावतानाच ठोके बिघडतात आणि इको अगदी नॉर्मल असतो.

तपासण्या होईपर्यंत कबड्डी बंद, पोहणं बंद, शाळेला लिहून द्या. ईसीजी काढून क्यूटी, म्हणजे एका ठोक्याचा करंट सुरू होऊन शांत होईपर्यंतचा वेळ, डॉक्टरांनी स्वतः हाताने मोजायचा, मशीनने छापलेल्या आकड्यावर सोडायचं नाही. इकोमध्ये स्नायू जाड आहे का बघायचं. मग देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट. आणि ताई, दोष असलाच तर तो भावाकडून नाही, तुमच्या आई-वडिलांपैकी कोणाकडून तरी तुम्हा दोघांत आला असेल, म्हणून तुमचाही ईसीजी त्याच दिवशी काढा, बाकी भावंडांचाही. तोपर्यंत सर्दी-तापासाठीसुद्धा परस्पर अँटिबायोटिक नको, काहींनी क्यूटी वाढतो. सापडलं तर बहुतेकांना रोजच्या बीटा ब्लॉकरने चांगलं संरक्षण मिळतं.

सरांनाही हे द्या. मूल पडलं, हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. तोंडात ग्लुकोज ओतायचं नाही.

प्रश्न : सासूबाई 79 वर्षांच्या, दोनदा चक्कर येऊन पडल्या, नाडी 38. पेसमेकर सांगितलाय. नातेवाईक म्हणतात या वयात कशाला चिरफाड. नंतर मोबाइल, इंडक्शन, मिक्सर चालतो का? आणि विचारायला कसंतरी वाटतं पण शेवटच्या वेळी त्यामुळे जीव अडकून राहतो का? (रत्नागिरी)

वयाचं आधी. पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या 43 वर्षांच्या माणसाला बसवला, तो काही तासांतच बंद पडला, दुसरा बसवला, असं करत करत आयुष्यात 26 यंत्रं वापरून तो 86 व्या वर्षी गेला, 2001 मध्ये. 79 व्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडणं हे पेसमेकरपेक्षा कितीतरी मोठी चिरफाड आहे. हे ऑपरेशन जागा बधिर करून होतं, तासा-दीड तासात.

पण बसवायच्या आधी एकदा त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी उतरते. डोळ्यांचे थेंबही न्या! काचबिंदूच्या टिमोलॉलच्या थेंबांनी नाडी कमी होते आणि थेंब हे औषध आहे असं कोणाला वाटतच नाही, त्यामुळे कोणी सांगत नाही.

नंतर चार-सहा आठवडे त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर नको, म्हणून पुढून हुकाचे ब्लाउज काढून ठेवा आणि वेणी तुम्ही घाला. पण हात झोळीत बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. मिक्सर, टीव्ही, फ्रिज चालतं. मोबाइल दुसऱ्या कानाला, ब्लाउजमध्ये ठेवायचा नाही. इंडक्शनपासून दोन फूट. मेटल डिटेक्टरच्या कमानीतून सरळ निघून जायचं, तिथे रेंगाळायचं नाही. पेसमेकरचं कार्ड कायम जवळ. खर्चासाठी महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा.

शेवटच्या वेळेचं. जीव अडकत नाही. शरीर संपत आलं की पेसमेकरचा करंट पोचूनही स्नायू आकुंचन पावत नाही, माणूस नेहमीसारखाच जातो. फक्त दहनाआधी डॉक्टरांना सांगून यंत्र काढून घ्यायचं, बॅटरी उष्णतेने फुटते, काढायला काही मिनिटं लागतात. विचारलंत ते बरं केलंत, ही गोष्ट मी स्वतःहून सगळ्यांना सांगते पण ऑपरेशनच्या दिवशी नाही.

प्रश्न : कृत्रिम झडप बसवलीय, ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मेथी-पालक कायमचं बंद का? नवी गोळी घेऊ का, तिला सारखी टेस्ट लागत नाही म्हणे. (नांदेड)

धातूच्या झडपेला नवी गोळी चालत नाही, अजिबात नाही, कोणी मेडिकलवाल्याने सुचवली तरी. भाजी बंद करायची गरज नाही, आठवड्याला साधारण तेवढीच ठेवा, म्हणजे आज नाही आणि उद्या दोन जुड्या असं नको. श्रावणात उपास आणि रानभाज्या सुरू झाल्या की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, हलतो, अँटिबायोटिकचा कोर्स झाला तरी हलतो, तेव्हा महिन्याची वाट न बघता आठवड्यात टेस्ट करा. आकडा आणि डोस एका वहीत लिहा आणि मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी येऊन बोला, ही गोळी गर्भाला बाधते.